अग्निशामक यंत्र निवडताना: आग कोणती, हात कोणाचे?

आपल्या घरात आग विझवण्याचे साधन आहे काय, असे विचारले असता शहरांतील अनेक कुटुंबांकडून ‘जिन्यात लावलेले आहे’ असे उत्तर मिळते. जिन्यातील ते लाल नळकांडे कोणत्या आगीवर चालते, त्याचे वजन किती, आणि मुलगा-सून कामावर व नातवंडे शाळेत गेलेली असताना दुपारी दोन वाजता ते उचलणार कोण, हे पुढचे प्रश्न विचारले की मात्र संभाषण अडखळते. प्रस्तुत लेख या पुढच्या प्रश्नांविषयी आहे. दुपारच्या त्या वेळी अनेक घरांत पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबाच असतात. काही घरांत अंथरुणाला खिळलेली एक व्यक्ती आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या ताई, एवढेच मनुष्यबळ असते. अशा घरासाठी यंत्र निवडताना आग कोणत्या प्रकारची लागू शकते, हे तर पाहावेच लागते. परंतु ते यंत्र कोणाच्या हातात पेलेल, हेही तितकेच पाहावे लागते.

आगीच्या जाती

आग पेटती राहण्यासाठी जळण, उष्णता आणि प्राणवायू या तिन्हींची संगत लागते. यांतील एखादे काढून घेतले, किंवा ज्वाळेतील रासायनिक साखळी तोडली, की आग विझते. पाणी उष्णता काढून घेते, झाकण प्राणवायू अडवते, गॅसची कळ बंद केली की जळणच संपते, आणि यंत्रातील कोरडी भुकटी ज्वाळेची साखळी तोडते. मात्र एका जळणावर उपकारक ठरलेला उपाय दुसऱ्यावर घातक ठरतो. म्हणूनच आगींचे वर्ग पाडलेले आहेत आणि यंत्राच्या लेबलावर ते इंग्रजी अक्षरांनी दाखवलेले असतात.

भारतात रूढ असलेल्या वर्गीकरणानुसार लाकूड, कागद, कापड, गादी अशा घन वस्तूंची आग ‘ए’ वर्गात येते. या आगीमागे निखारा उरतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर यांसारख्या ज्वालाग्राही द्रवांची आग ‘बी’ वर्गात, तर स्वयंपाकाच्या गॅससारख्या वायूंची आग ‘सी’ वर्गात मोडते. ‘डी’ वर्ग मॅग्नेशियमसारख्या धातूंचा असून तो कारखान्यांचा विषय आहे. घरगुती वाचकांनी तो सोडून द्यावा. स्वयंपाकाच्या तेला-तुपाची आग इतर द्रवांहून वेगळी वागते, म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ‘एफ’ हे स्वतंत्र अक्षर दिलेले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते, विशेषतः ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना. अमेरिकेत अक्षरांचा अर्थ निराळा आहे. तेथे ‘सी’ म्हणजे विजेच्या उपकरणांची आग आणि स्वयंपाकाच्या तेलासाठी ‘के’. आपल्याकडे विजेच्या आगीला स्वतंत्र अक्षर नाही; वीज बंद झाली की उरते ती जळणाऱ्या वस्तूची आग, असा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे न्यू जर्सीतील लेकीने तिकडची चित्रफीत पाहून फोनवर ‘सी म्हणजे इलेक्ट्रिक’ असे सांगितले, तर ते तिच्या घरापुरते खरे आहे, पुण्यातील आपल्या घरापुरते नाही. आपल्या यंत्रावर ‘सी’ आहे म्हणून ते विजेवर चालेल, असे गृहीत धरू नये. लेबलावर विद्युत उपकरणांसंबंधी स्वतंत्र सूचना असते, ती वाचावी. अक्षरे बारीक असतील तर खरेदीच्या वेळी चष्मा बरोबर न्यावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दुकानात ती आठवत नाही.

स्वयंपाकघर

घरातील आगीचा विचार स्वयंपाकघरापासून सुरू करणे योग्य. कढईत तेल तापत ठेवलेले असते, दाराची घंटा वाजते, आलेल्या शेजारणीशी बोलण्यात चार मिनिटे जातात. तेलातून आधी धूर निघतो आणि तापमान सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की बाहेरून ज्योत न लागताही ते आपोआप पेट घेते. अशा तेलावर पाणी ओतले तर काय होते, हे प्रत्येक काळजीवाहक व्यक्तीला ठाऊक असले पाहिजे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तेथे क्षणार्धात त्याची वाफ होते आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सतराशे पट होते. ती वाफ जळते तेल उसळवून छतापर्यंत नेते. ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा, छाती आणि हात त्या झोतात सापडतात. वयस्कर माणसाची त्वचा पातळ असते. तरुणाला सोसेल अशा भाजण्यानेही तिच्यात खोल जखम होते.

या आगीवरचा सर्वांत चांगला उपाय बाजारातून आणावा लागत नाही. शेगडीची कळ बंद करता येत असेल तर ती करावी आणि कढईवर धातूचे झाकण, ताट किंवा परात आपल्या बाजूने पलीकडे सरकवत ठेवावी; वरून आपटू नये. झाकण ठेवल्यावर ते उघडून पाहण्याचा मोह टाळावा. तेल अजून तापलेलेच असते आणि हवा मिळताच पुन्हा पेटते. ते पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी, कढईला हात लावू नये. जळती कढई उचलून बाहेर अथवा मोरीत नेणे हा तर सर्वांत घातक विचार होय. थरथरत्या हातांनी तेल अंगावर सांडते, आणि मोरी ओलीच असते.

भुकटीचे यंत्र कढईवर जवळून मारले तर झोताच्या जोराने तेल बाहेर उडते. शिवाय त्यातील रसायनाचाही प्रश्न आहे. घरोघरी विकल्या जाणाऱ्या एबीसी यंत्रात बहुधा मोनो अमोनियम फॉस्फेट असते. लाकूड-कापडावर ते वितळून काचेसारखा थर धरते आणि निखारा दाबून टाकते, हा त्याचा मोठा गुण. तापलेल्या तेलावर मात्र त्याचा साबणासारखा थर होत नाही आणि तेल थंडही होत नाही, त्यामुळे ज्वाळा विझल्यावरही ते पुन्हा भडकू शकते. तेलासाठी खास बनवलेल्या ‘वेट केमिकल’ यंत्रात पोटॅशियमचे क्षार असतात. ते तेलाशी संयोग पावून फेसाळ साबणी थर धरतात आणि तेल थंडही करतात. हॉटेले, मंगल कार्यालये, वृद्धाश्रम यांच्या मुदपाकखान्यात हे यंत्र असणे उचित. चार माणसांच्या घरात झाकण आणि काचतंतूंची आग-चादर, जिला दुकानात फायर ब्लँकेट म्हणतात, एवढे पुरेसे ठरते. ही चादर हलकी असते, तिला पिन नसते, दाब नसतो, दर वर्षी भरावी लागत नाही. संधिवाताच्या बोटांनाही ती ओढून उघडता येते. माझ्या मते ज्येष्ठांच्या घरात पहिली खरेदी हीच असावी. ती शेगडीच्या वर टांगू नये. दाराजवळच्या भिंतीवर, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर लावावी.

गॅसच्या आगीचा नियम याहून वेगळा आहे. नळीच्या किंवा रेग्युलेटरच्या जोडाशी गॅस पेटला असेल तर प्रथम गॅसचा पुरवठा बंद करावयाचा. पुरवठा चालू असताना नुसती ज्योत विझवली तर न जळलेला गॅस खोलीत साचतो आणि एखाद्या ठिणगीने स्फोट होतो. रेग्युलेटरची कळ सुरक्षितपणे फिरवता येत नसेल तर विझवण्याच्या भरीस न पडता सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

आग लागलेली नाही, केवळ वास येतो आहे, अशा वेळी विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, पंख्याचेसुद्धा. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. स्वयंपाकाचा गॅस मुळात गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा इथिल मरकॅप्टन मिसळतात. पण वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते. ‘आजकाल फोडणीचा वास येत नाही’ अशी ज्यांची तक्रार असते त्यांना गळतीचाही वास येणार नाही, हे घरातल्यांनी ओळखावे. अशा घरात गॅससूचक यंत्र बसवून घ्यावे आणि ते जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावावे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतो. धुराची घंटा याच्या उलट, छताला लावावयाची असते.

रुग्णाची खोली

घरात दीर्घकाळचा रुग्ण असेल तर त्याची खोली ही स्वयंपाकघराइतकीच जपण्याची जागा होय. फोमची गादी, प्लॅस्टिकचे आच्छादन, डायपरचे गठ्ठे, कापूस, स्पिरिट, सॅनिटायझर आणि भिंतीवरच्या एकाच बोर्डात खोचलेल्या पाच वायरी, असे तेथले चित्र असते. पाठीला व्रण होऊ नयेत म्हणून वापरतात त्या हवेच्या गादीचा पंप चोवीस तास चालतो. त्याची वायर पलंगाच्या पायाखाली चेपलेली नाही ना, हे रोज पाहावे.

ऑक्सिजन काँसन्ट्रेटर किंवा ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर अधिकच सावध राहावे लागते. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण इतर वस्तूंचे जळणे तो भयंकर वेगवान करतो. नळीतून निसटलेला ऑक्सिजन चादरीत, उशीत, केसांत, गाऊनच्या कापडात मुरतो आणि यंत्र बंद केल्यावरही काही काळ राहतो. एरवी कापडाला भोक पाडून विझली असती अशी ठिणगी तेथे क्षणात ज्वाळा होते. म्हणून त्या खोलीत विडी-सिगारेट नाहीच, पण निरांजन, उदबत्ती, धूप, कापूर हेही नको. अनेक घरांत रुग्णाच्या समाधानासाठी पलंगाशेजारीच छोटे देवघर मांडलेले असते. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. तसबीर तेथेच राहू द्यावी, दिवा मात्र दुसऱ्या खोलीत लावावा. ऑक्सिजन आणि उघडी ज्योत यांत किमान दहा फूट अंतर असावे. नाक कोरडे पडते म्हणून पेट्रोलियम जेली लावण्याची सवय असते. तीही टाळून पाण्यावर आधारित मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. अशा खोलीत आग लागलीच तर हाताशी असल्यास यंत्राचे बटण किंवा सिलिंडरची झडप बंद करून रुग्णाला प्रथम बाहेर घ्यावे. त्यानंतरच आगीकडे पाहावे.

कापसाच्या गादीविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. वरची ज्वाळा विझली तरी आत कापूस धुमसत राहतो आणि दोन-तीन तासांनी, सर्वजण निर्धास्त झोपल्यावर, पुन्हा पेटतो. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र येथे फारसे उपयोगी नाही. वायू उडून जातो आणि निखारा तसाच राहतो. विजेचा मेन स्विच बंद करून गादीवर भरपूर पाणी ओतावे, आणि शक्य झाल्यास ती उघड्यावर नेऊन उसवून भिजवावी. बादली आणि तांब्या यांना या एका आगीत तोड नाही.

वीज आणि बॅटरी

दूरचित्रवाणी संच, एसी, फ्रिज यांतून धूर निघू लागला तर प्रथम मेन स्विच बंद करावा. यातच पुष्कळदा आग संपते. परंतु घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर तो आपोआप सुरू होऊन काही जोडण्यांत वीज सोडतो, हे विसरू नये. त्याचे बटण वेगळे बंद करावे लागते. वीज चालू असलेल्या वस्तूवर पाणी किंवा फेस मारू नये. येथे कार्बन डायऑक्साइड किंवा ‘क्लीन एजंट’ हे वायुरूप यंत्र चांगले, कारण मागे काही उरत नाही. एबीसी भुकटीही विजेच्या आगीवर चालते, पण ती ओलसर हवेत धातू खाते, आणि उपकरण नंतर बहुधा दुरुस्त होत नाही. जीव वाचत असताना फ्रिजची चिंता करू नये, हे वेगळे सांगायला नको.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी, चाकांच्या खुर्च्या, पॉवर बँक यांतील लिथियम बॅटरी पेटली तर मात्र घरगुती यंत्रावर विसंबू नये. तिची उष्णता आतून निर्माण होत राहते. भुकटीने ज्वाळा दबते आणि पुन्हा उसळते, शिवाय निघणारा धूर विषारी असतो. दार लावून घेऊन बाहेर पडणे एवढेच करावे. अशी बॅटरी रात्रभर, आणि तीही बाहेर पडण्याच्या एकमेव दारापाशी, चार्जिंगला लावू नये.

कोणते यंत्र घ्यावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरासाठी सर्वसाधारणपणे एबीसी भुकटीचे यंत्र सुचवले जाते आणि ते बरोबर आहे. घन वस्तू, द्रव, वायू आणि विजेची उपकरणे या सर्वांवर ते कमी-अधिक चालते. प्रश्न येतो तो आकाराचा. लेबलावर ‘चार किलो’ लिहिलेले असते ते आतील भुकटीचे वजन. नळकांडे, झडप, नळी धरून ते हातात घेताना साडेसहा-सात किलो भरते. सहा किलोचे यंत्र नऊ-दहा किलोंवर जाते. इमारतीच्या जिन्यात किंवा मीटरखोलीपाशी दिसणारे साडेचार किलो कार्बन डायऑक्साइडचे यंत्र तर जाड पोलादामुळे चौदा-पंधरा किलोंच्या घरात असते. ज्या व्यक्तीला डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलण्यास मनाई केली आहे, तिच्यासाठी ते यंत्र भिंतीवरची शोभा आहे.

खरेदीपूर्वी एक साधी चाचणी करावी. पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरून तो एका हाताने उचलावा आणि बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत जाऊन तेथे वीस सेकंद धरून उभे राहावे. हे जमले नाही तर चार किलोचे यंत्र घेऊ नये. दोन किलोचे घ्यावे. त्याचे एकूण वजन साडेतीन-चार किलो असते. तेही जड वाटत असेल तर एक किलोचे. लहान यंत्र लवकर संपते, हे खरे. एक-दोन किलोचे यंत्र जेमतेम आठ-दहा सेकंद चालते. परंतु उचलता येणारे आठ सेकंदांचे यंत्र हे न उचलता येणाऱ्या मोठ्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी उपयोगी. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या व्यक्तीचा तर एक हात आधीच गुंतलेला असतो. त्यांच्यासाठी यंत्र वापरण्याची जबाबदारी ठेवूच नये. त्यांनी फक्त हाक मारावी आणि दाराकडे निघावे.

दुसरी परीक्षा बोटांची. मूठ दाबण्यास लागणारे बळ प्रत्येक बनावटीत थोडे वेगळे असते. दुकानात रिकामे नमुना यंत्र असल्यास ते हातात घेऊन, पिन ओढून, मूठ दाबून पाहावे. ज्यांच्या घरी यंत्र वापरले जाईल त्यांनी स्वतः जावे, केवळ मुलाला पाठवू नये. आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस १५६८३ हा क्रमांक पाहावा. आगीवर फेकला की आपोआप फुटणारा चेंडू अलीकडे भेटीदाखल देण्याची पद्धत पडू लागली आहे. तो पूरक म्हणून असू द्यावा, यंत्राऐवजी नको.

तिसरी परीक्षा फुप्फुसांची. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाच्या बंद खोलीत भुकटी मारली की क्षणात पांढरा ढग होतो, दार दिसेनासे होते आणि खोकल्याची उबळ येते. त्या मानाने कार्बन डायऑक्साइड स्वच्छ वाटतो, पण लहान खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो आणि हृदयरोग्याला त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय तो उणे अठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास बाहेर पडतो. त्याचा कर्णा उघड्या हाताने धरला तर बोटांना हिमदंश होतो. कोणतेही यंत्र निवडले तरी खोलीतून रुग्ण बाहेर निघाल्याखेरीज ते चालवू नये.

वापर आणि माघार

यंत्र वापरण्याच्या चार क्रिया आहेत: पिन ओढावी, नळीचे तोंड आगीच्या बुडाकडे रोखावे, मूठ दाबावी, आणि झोत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झाडल्यासारखा फिरवावा. मूठ आधीच दाबून धरली तर पिन अडकते आणि घाबरलेल्या माणसाला यंत्र बिघडले असे वाटते. नळकांडे उभे धरावे, आगीपासून सहा-आठ फुटांवर उभे राहावे. आपली पाठ दाराकडे असावी, म्हणजे माघारीची वाट मोकळी राहील. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली भुकटी वाया जाते.

हे सारे करावयाचे ते फक्त आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तेव्हा. ती कमरेच्या वर गेली, खोलीत धूर भरू लागला, यंत्र रिकामे झाले किंवा काय जळते आहे हेच कळेनासे झाले, तर खोलीचे दार ओढून घेऊन निघावे. लावलेले साधे लाकडी दारही धुराला आणि ज्वाळेला काही मिनिटे थोपवते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी क्रम याहून स्पष्ट असला पाहिजे. प्रथम माणूस, नंतर दार, नंतर फोन. यंत्र सर्वांत शेवटी, किंवा मुळीच नाही. एकट्या ताईंना सत्तर किलोंच्या रुग्णाला उचलता येणार नाही. पण पलंगावरून जाड चादरीसह जमिनीवर उतरवून, डोक्याच्या बाजूने चादरीची टोके धरून, पाठमोरे चालत ओढत नेता येते. डोके दाराकडे असावे. धूर वर चढतो, त्यामुळे जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. ही कृती एकदा तरी घरातल्या धडधाकट माणसाला चादरीवर निजवून करून पाहावी. हसू येईल, पण कोणत्या वळणावर कपाट आडवे येते ते कळेल. शुश्रूषेसाठी नेमलेल्या ताईंना पहिल्याच दिवशी गोळ्यांच्या वेळा दाखवतो, तसाच मेन स्विच, गॅसची कळ, यंत्र आणि बाहेरचा रस्ताही दाखवावा.

आणि किल्ल्या. चोरांच्या भीतीने ज्येष्ठ मंडळी जाळीच्या दाराला आतून कुलूप लावतात आणि किल्ली उशीखाली, कधी देवघरातल्या डबीत ठेवतात. धुराने भरलेल्या अंधारात ती डबी सापडत नाही. आतून कुलूप लावण्याऐवजी किल्लीशिवाय आतून उघडणारी कडी बसवून घ्यावी. ते शक्य नसेल तर किल्ली दाराच्या चौकटीजवळच, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा ठरावीक खिळ्यावर टांगावी आणि एक जोड विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे द्यावी.

आग इमारतीत अन्यत्र लागली असेल आणि जिना धुराने भरला असेल तर त्यात शिरू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगाव येथील सात मजली इमारतीत तळमजल्यावरील वाहने आणि चिंध्यांचे गठ्ठे पेटले, आणि धूर वरच्या मजल्यांपर्यंत चढून रहिवाशांचे प्राण गेले. अशा वेळी दार बंद करून खालच्या फटीत ओला टॉवेल खोचावा, खिडकी किंवा बाल्कनी गाठावी आणि १०१ अथवा ११२ वर मजला व खोली स्पष्ट सांगावी. लिफ्ट वापरू नये.

अंगावरील कपडे पेटले तर तरुणाला ‘थांबा, खाली पडा, लोळा’ असे सांगतात. गुडघे बदललेल्या आजींना हे जमेलच असे नाही. जवळ असलेल्याने त्यांना आधार देत खाली बसवून जाड सुती चादरीत किंवा घोंगडीत लपेटावे, अथवा पाणी ओतावे. माणसाच्या अंगावर कार्बन डायऑक्साइडचे यंत्र मारू नये. ज्वाळा विझल्यावर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात आणि रुग्णालय गाठावे. वृद्ध व्यक्ती लवकर गारठते, म्हणून बाकीचे अंग कोरडे व झाकलेले ठेवावे. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

यंत्राची निगा

घरी आणलेले यंत्र कपाटाच्या आत किंवा पाहुण्यांना दिसू नये म्हणून पडद्यामागे ठेवू नये. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, मूठ छातीच्या खालच्या उंचीवर येईल असे लावावे. शेगडीशेजारी लावले तर आग लागल्यावर तेथे पोहोचता येणार नाही. महिन्यातून एकदा, वीजबिल भरण्याच्या दिवशी म्हणा, दाबमापकाचा काटा हिरव्या भागात आहे ना, पिन आणि सील शाबूत आहे ना, नळीत झुरळाने घर केलेले नाही ना, हे पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राला काटा नसतो. त्याचे वजन करावे लागते आणि आतील वायू दहा टक्क्यांहून घटला तर ते भरून घ्यावे लागते. भुकटीचे यंत्र एकदा थोडेसे जरी वापरले तरी पुन्हा भरून घ्यावे. झडपेत भुकटीचे कण अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. वरून यंत्र भरलेलेच दिसते. त्यामुळे ‘चालते का पाहू’ म्हणून अर्धा सेकंद मूठ दाबून पाहणे हे यंत्र निकामी करणेच आहे.

दारावर येऊन ‘रिफिलिंग’ करून देतो म्हणणाऱ्यांकडे परवान्याची मागणी करावी. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना बी’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, घ्यावे लागते. सोसायटीच्या सभेत हे प्रमाणपत्र दाखवण्याची मागणी कोणीही सभासद करू शकतो, आणि ज्येष्ठ सभासदांकडे त्यासाठी वेळही असतो. त्याच सभेत, तिसऱ्या मजल्यावरील जड यंत्राशेजारी एक दोन किलोचे बसवावे, अशीही सूचना मांडावी.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटांत आग विझवताना ६६ अग्निशामकांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि त्या काळात अग्निशमन दलाची केंद्रे प्रात्यक्षिके दाखवतात. आपल्या सोसायटीसाठी मार्चमध्येच जवळच्या केंद्राकडे पत्र द्यावे. वेळ सकाळी ऊन चढण्यापूर्वीची मागावी, मैदानात खुर्च्या मांडाव्यात, घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्या ताईंनाही बोलवावे. पिन ओढून मूठ दाबण्याची पहिली पाळी सर्वांत वयोवृद्ध आजींना द्यावी, मग इतरांना.